आत्याबाईंची नाजूक खोली

"खोली लहान असली तरी चालेल मला," असं आत्याबाई फोनवर म्हणाल्या, तोवर सगळं ठीक होतं. मापेसाहेबांनी "हो, हो, आपलंच घर आहे," असं म्हणून घेतलं होतं आणि ते फोन ठेवण्याच्या बेतात होते. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "फक्त जरा नाजूक कर. बायकी."

"म्हणजे कशी?"

"कशी म्हणजे? बायकी म्हणजे बायकी. छोट्या, तुला काय सगळं फोडून सांगावं लागतं का? पुढच्या महिन्यात येते." आणि फोन बंद.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ज्यांना आत्याबाई छोट्या म्हणत होत्या ते मापेसाहेब चांगले पन्नाशी ओलांडलेले, अंगाने भरलेले, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतून अचानक शिरून तराजू तपासायचे आणि दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळवायचं, हे त्यांचं काम. मापेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. इमारतीतल्या लोकांनी नुसतं 'साहेब' म्हटलं असतं तर त्यांना आवडलं असतं, पण आधीचं 'मापे' काही केल्या सुटत नव्हतं.

दुकानदारांना घाम फोडणारे मापेसाहेब आत्याला मात्र परत फोन करून "बायकी म्हणजे नक्की काय?" असं विचारू शकत नव्हते. आत्याबाई मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख होत्या. आजवरची हयात त्यांनी मुलींना वेळेवर झोपवण्यात आणि वेळेआधी उठवण्यात घालवली होती. लग्न केलं नव्हतं. वर्षातून एकदा त्या भाच्याकडे यायच्या, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी स्टुलावर चढून पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवायच्या आणि ते बोट सगळ्यांना दाखवायच्या. आता निवृत्त होऊन त्या कायमच्या राहायला येत होत्या. अशा बाईच्या तोंडून 'नाजूक' हा शब्द ऐकणं म्हणजे रोडरोलरने अचानक गुणगुणायला लागावं तसं होतं.

"आपण चुकीचं तर नाही ना ऐकलं?" ते बायकोला म्हणाले. "'साजूक' म्हणाली असेल."

"साजूक खोली कुठे असते का?" वहिनी म्हणाल्या. इमारतीतले सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे, तेव्हा आपणही तसंच म्हणू.

"मग तूच सांग ना, बायकी खोली म्हणजे काय ते."

"मला काय विचारता?"

"अगं, तू बाई आहेस."

"म्हणून काय झालं? अहो, मी दिवसभर प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे फोडते. कुठल्या दाबाला तडा जातो ते विचारा, लगेच सांगते. नाजूक माझ्या खात्यात येत नाही."

हे खरं होतं. त्या घरात नाजूक म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मापेसाहेबांचा स्वाभिमान. बाकी सगळं दणकट. ज्या खोलीत आत्याबाई राहणार होत्या, त्या खोलीत एक मोडका वजनकाटा, इस्त्रीचं टेबल, जुन्या गाद्या आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतलेली व्यायामाची सायकल होती. सायकलीवर टॉवेल वाळत असत. एवढ्याशा त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची.

दुसऱ्या दिवशी मापेसाहेबांनी ठरवलं की हा प्रश्न शास्त्रशुद्ध पद्धतीनेच सोडवायचा. चार जाणकारांना विचारायचं. कचेरीत जाणकार कोण, तर पलीकडच्या टेबलावरच्या टंकलेखिका बाई. नेहमी नीटनेटक्या, टेबलावर फुलदाणी. मापेसाहेब त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले, घसा खाकरला आणि अख्ख्या खात्याला ऐकू जाईल अशा, दुकानदारांशी बोलायच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, तुमची झोपायची खोली कशी आहे हो?"

खोलीतला प्रत्येक हात जागच्या जागी थांबला. टंकलेखिका बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाही, म्हणजे," मापेसाहेब म्हणाले, "मला आतलं सगळं जाणून घ्यायचंय. रंग, पडदे वगैरे. आत्यासाठी."

आत्यासाठी हा शब्द फार उशिरा आला. मोठ्या साहेबांचं बोलावणं त्याच्या आधीच निघालं होतं. मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं, आवाज खाली आणला आणि इतक्या वर्षांच्या स्वच्छ नोकरीला असं गालबोट लावण्याची काय गरज होती, असं विचारलं. मापेसाहेबांनी घामाघूम होऊन सगळी हकीकत सांगितली. मोठ्या साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"बायकी म्हणजे गुलाबी," शेवटी ते म्हणाले.

"गुलाबी?"

"माझ्या मते. पण आमच्या सौभाग्यवतींना गुलाबी म्हटलं की डोकं दुखतं. त्यांची खोली राखाडी आहे. मलाही कधी कळलं नाही." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "विचारायचं धाडसही झालं नाही." मापेसाहेब बाहेर आले ते डाग पुसून, टंकलेखिका बाईंची माफी मागून आणि गुलाबी या एका शब्दाच्या आधारावर.

आता तुम्हाला आम्हाला वाटतं की गुलाबी हा एक रंग आहे. मापेसाहेबांनाही तसंच वाटायचं. रंगाऱ्याने त्यांच्यापुढे रंगांच्या पट्ट्या उलगडल्या तेव्हा त्यांना कळलं की गुलाबी ही एक जमात आहे आणि तिच्यात पोटभेद आहेत. "थंड गुलाबी देऊ की गरम?" रंगारी म्हणाला. "मळका गुलाबी चालतोय सध्या. पावडर गुलाबीपण आहे. नाहीतर हा बघा, 'लाजरी पहाट'."

नाव ऐकून मापेसाहेब विरघळले. इतकं नाजूक नाव असलेला रंग दणकट निघेलच कसा? लाजरी पहाट भिंतीला लागली. ओली होती तोवर खरोखर लाजत होती. वाळली, आणि तिच्यात काहीतरी बिघडलं. काय ते मापेसाहेबांना सांगता येईना. ओळखीचं काहीतरी दिसत होतं, पण कुठे पाहिलंय ते आठवत नव्हतं.

ते कोडं खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सोडवलं. डॉक्टर दाताचे. रंगाचा वास आला म्हणून सहज वर आले, दारात उभे राहिले आणि मनापासून खूश होऊन म्हणाले, "अरे वा! कवळी!"

"काय?"

"कवळीच्या हिरड्यांचा रंग. अगदी तोच. मी रोज हाताळतो ना. कुठून मिळवलात?"

त्यानंतर त्या खोलीत शिरलं की आपण कुणाच्या तरी तोंडात शिरलोय असं वाटायला लागलं. आत्यासाठी आणलेला पांढरा पलंग समोरच्या दातांसारखा दिसू लागला. मापेसाहेबांनी रंगाऱ्याला परत बोलावलं. रंगारी म्हणाला, यात थोडा जांभळा घालू म्हणजे थंडावेल. थंडावला तो इतका की खोकल्याचं औषध सांडल्यासारखं झालं. मग त्यात पांढरा घातला, मग कुणीतरी सुचवलं म्हणून चिमूटभर पिवळा. शेवटी जो रंग तयार झाला तो उजेडात एक दिसायचा आणि दिवा लावला की दुसरा, आणि ढग आला की तिसरा. वहिनींनी भिंतीवर बोटाचं पेर मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "गिलावा चांगला धरलाय." याहून जास्त मत द्यायला त्यांनी साफ नकार दिला.

एव्हाना ही बातमी समोरच्या काकूंपर्यंत पोचली होती. समोरच्या काकू म्हणजे त्याच मजल्यावर दारासमोर दार असलेल्या. त्यांच्याकडे शिवणयंत्र होतं, वेळ होता आणि शिवून द्यायला घरात कुणी उरलं नव्हतं. त्यांनी खोली पाहिली आणि एका वाक्यात निकाल दिला.

"झालर हवी."

"कशाला?"

"कशाला काय विचारता, साहेब? बायकी म्हणजे झालर. माझं ऐका."

मापेसाहेबांनी ऐकलं, कारण इतक्या दिवसांत ठामपणे बोलणारं हे पहिलंच माणूस भेटलं होतं. काकूंनी पडद्यांना झालर लावली. उशांना लावली. पलंगाच्या चारी बाजूंना लावली, इतकी की पलंग जमिनीवर टेकलाय की तरंगतोय ते कळेना. पुढे हात थांबेना म्हणून स्टुलाला, पाण्याच्या तांब्याला आणि दिव्याच्या बटणांच्या फळीलाही लावली. बटण दाबायचं तर आधी झालर वर करावी लागायची. मापेसाहेबांना ते जरा संकोचाचं वाटायचं. ते दुसरीकडे बघून दिवा लावायचे.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. बाहेरून दिसणारे पडदे सगळ्यांचे एका रंगाचे असावेत असा नियम होता, आणि तो रंग बदामी होता. "रस्त्यावरून तुमची खिडकी वेगळी दिसते," सेक्रेटरी म्हणाले. "आज तुम्ही झालर लावलीत, उद्या कुणी घुंगरू लावेल." मापेसाहेब नियमांचे भोक्ते. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम दाखवलेला माणूस, त्याला स्वतःवर नियम चालून आला की बोलताच येत नाही. शेवटी तोडगा निघाला. रस्त्याच्या बाजूने बदामी अस्तर, आतल्या बाजूने झालर. पडदा इतका जड झाला की तो ओढायला दोन्ही हात लागू लागले आणि वहिनींना पहिल्यांदाच त्या खोलीतलं काहीतरी आवडलं.

इथवर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मोठ्या साहेबांनी एकदा जाता जाता विचारलं, "आरसा घेतलात ना?" आणि मापेसाहेबांनी कपाळावर हात मारला. आरसा! बायकी खोलीत आरसा नको? ते त्या संध्याकाळी जुन्या लाकडी सामानाच्या दुकानात गेले, आणि तिथे त्यांना ते टेबल दिसलं.

खरं सांगायचं तर ते मापेसाहेबांच्या आयुष्यातलं पहिलं प्रेम असावं. नाजूक वळणदार पाय, पुढे छोटे छोटे कप्पे, वर अंड्याच्या आकाराचा मोठा आरसा आणि आरशाच्या चौकटीवर कोरलेल्या वेली. आतापर्यंत त्यांना 'बायकी' या शब्दाचा अर्थ कुणी सांगू शकलं नव्हतं. या टेबलापुढे उभं राहिल्यावर त्यांना वाटलं, आपल्याला तो थोडाथोडा कळतोय. त्यांनी खिशातून खात्याची पोलादी टेप काढली. टेबल मोजलं, घरी येऊन खोली मोजली, दाराची चौकट मोजली. परत गेल्यावर दुकानदार म्हणाला, "मोजलंत ना नीट?" मापेसाहेब नुसते हसले. असं हसणं पुढे महागात पडतं.

टेबल जिने चढून वर आलं. घराच्या दारापाशी आलं. आणि दारात अडकलं.

चौकट बरोबर मोजली होती, त्याबद्दल वाद नाही. पण दार उघडल्यावर मागच्या चपलांच्या कपाटाला टेकतं आणि पूर्ण उघडत नाही, हे चौकटीला माहीत नव्हतं. अर्ध्या उघड्या दाराची जाडी मधे येत होती. एक बोट कमी पडलं. एक बोट! ज्या माणसाने मापात एवढीशी खोट असली तरी दुकानदारांना दंड ठोकला, त्याच्या दारात एक बोट कमी पडलं. चपलांचं कपाट हलवावं म्हटलं तर ते वहिनींनी स्वतः भिंतीत काँक्रीट घालून बसवलेलं. "ते निघणार नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो त्या क्षणी अगदीच गैरसोयीचा होता.

टेबल आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. सुताराला बोलावलं. सुताराने एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

"पाय कापू," तो म्हणाला.

"कुणाचे?" मापेसाहेब ओरडले. त्यांची मनःस्थितीच तशी झाली होती.

"टेबलाचे. आत नेऊन परत जोडू."

"हात लावशील तर बघ."

"मग बाहेरून दोरीने खिडकीतून घेऊ. पण खिडकीची जाळी कापावी लागेल." जाळी कापायला सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरी म्हणाले, परवानगी सभेत मिळेल, सभा अध्यक्ष बोलावतील, आणि अध्यक्ष मुलाकडे परगावी गेलेत. ते कधी येतील हे त्यांच्या मुलावर अवलंबून होतं, आणि मुलगा फार प्रेमळ होता.

तर टेबल जिन्याच्या वरच्या चौकात, मापेसाहेबांच्या आणि काकूंच्या दाराच्या मधे उभं राहिलं. आणि इथून पुढे जे झालं ते मापेसाहेबांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

पहिल्या सकाळी त्यांनी दार उघडलं तर वरच्या मजल्यावरून कामाला निघालेली एक मुलगी आरशापुढे केस विंचरत होती. तिने "गुड मॉर्निंग, काका" म्हटलं आणि विंचरणं चालू ठेवलं. तिच्यामागे डॉक्टर टाय बांधत उभे होते. डॉक्टर खालच्या मजल्यावर राहायचे, म्हणजे त्यांना कामाला जायला खाली उतरायचं होतं. तरी ते वर चढून आले होते. "आमच्या घरी आरशात गळ्याखालचं दिसत नाही," ते म्हणाले. हळूहळू सकाळी तिथे रांगच लागू लागली. एकाने कंगवा ठेवला तो सगळे वापरू लागले. कुणीतरी कप्प्यात पिना ठेवल्या. काकूंनी टेबलाला झालर लावली, हे वेगळं सांगायला नको.

सेक्रेटरी खास तक्रार घेऊन आले. "सामायिक जागेत खाजगी आरसा ठेवता येत नाही, मापेसाहेब. आग लागली तर लोक पळणार कुठून?" हे ते आरशात बघूनच बोलत होते. बोलता बोलता त्यांनी मिशीचं एक टोक वर केलं, मग दुसरं, मग मान तिरकी करून पाहिली. "उद्याच्या उद्या हलवा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मिशीला काळा रंग होता आणि हलवायचा विषय त्यांनी काढला नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात दोन तट पडले. एकाचं म्हणणं होतं ही अडचण आहे, दुसऱ्याचं म्हणणं होतं ही सोय आहे. दोन्ही तट भांडायला जमले की आधी केस नीट करून घ्यायचे.

मापेसाहेब मधे उभे राहून इकडून तिकडे पाहायचे. खोली कुणाची, टेबल कुणाचं आणि आपण हे कशासाठी सुरू केलं, याची त्यांच्या डोक्यात पार गुंतवळ झाली होती. आत खोलीत ज्या भिंतीला टेबल लागायचं होतं ती भिंत रिकामी होती आणि आत्या यायला अजून आठवडा होता, एवढंच त्यांना पक्कं माहीत होतं.

तेही चुकीचं निघालं.

त्या दुपारी सुट्टी होती. काकूंनी दिव्याच्या शेडला झालर शिवायला घेतली होती, पण शेड अजून दुकानातून यायची होती. माप घ्यायला गोल काहीतरी हवं होतं. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मापेसाहेबांना म्हटलं, "साहेब, जरा बसा बघू." मापेसाहेब टेबलापुढच्या झालरीच्या स्टुलावर बसले. काकूंनी त्यांच्या डोक्याभोवती गुलाबी झालर गुंडाळली आणि टाचण्या लावायला सुरुवात केली. "हलू नका, टोचेल." डॉक्टर बाजूला उभं राहून "थोडी डावीकडे घ्या" असं सांगत होते. सेक्रेटरी मिशी पाहत होते.

तेवढ्यात आरशात, स्वतःच्या झालर लावलेल्या डोक्यामागे, मापेसाहेबांना जिन्याची शेवटची पायरी चढत असलेल्या आत्याबाई दिसल्या. हातात पिशवी, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, पाठ ताठ.

आत्याबाईंनी भाच्याकडे पाहिलं. मग काकूंकडे, डॉक्टरांकडे, सेक्रेटरींच्या मिशीकडे.

"छोट्या?" त्या म्हणाल्या.

"आत्या, तू पुढच्या आठवड्यात..." मापेसाहेब उठायला गेले आणि टाचणी टोचली. "आई गं!"

"हे काय आहे?"

"झालर आहे."

"ते दिसतंय मला. हे टेबल बाहेर काय करतंय?"

मग सगळेच एकदम बोलायला लागले. आत्याबाईंनी तळहात वर केला. तेवढ्याने सगळे गप्प झाले. सेक्रेटरींनी तर नकळत हाताची घडी घातली. वहिनींनी दारातून थोडक्यात सगळं सांगितलं. आत्याबाईंनी दार पाहिलं, दारामागचं कपाट पाहिलं.

"मग दार काढा."

"अं?"

"बिजागऱ्यांतून दार काढा. मुली आतून कड्या लावून बसल्या की आम्ही दुसरं काय करायचो? कोण आहे सुतार?"

सुताराला बोलावून आणलं. "तेच मी उद्या सांगणार होतो," तो म्हणाला. मापेसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची झालर काढून खिशात कोंबली. आत्याबाईंनी डॉक्टरांना डावा पाय दिला, सेक्रेटरींना उजवा, म्हणजे टेबलाचा, आणि "एक, दोन, उचला" असा हुकूम सोडला. टेबल आत गेलं. आतल्या खोलीचं दार काढून ते तिथेही गेलं. आतलं दार लगेच परत बसलं. बाहेरच्या दाराची मात्र एक बिजागरी काढताना मोडली. नवी आणल्याशिवाय दार लागणार नव्हतं, आणि सुट्टीमुळे दुकान बंद होतं. दार भिंतीला टेकवून ठेवलं.

आता आत्याबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. ज्या क्षणासाठी इतका आटापिटा केला तो हाच. मापेसाहेबांनी झालर वर करून दिवा लावला. भिंतींनी रंग बदलला. आत्याबाईंनी सगळीकडे नजर फिरवली, सावकाश. पंख्याकडे पाहिलंच नाही.

"रंग कोणता?"

"मूळचा लाजरी पहाट. नंतर..." मापेसाहेबांना पुढे बोलवेना.

"हे सगळं तू केलंस?"

"हो. म्हणजे झालर काकूंनी केली. आत्या, नसेल आवडलं तर सांग. सगळं बदलू. मला नीट कळलंच नाही तू काय म्हणालीस ते."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पलंगाची झालर बोटाने सारखी केली. मग म्हणाल्या, "बाहेर जा."

आणि दार लावून घेतलं.

मापेसाहेब आणि वहिनी बाहेरच्या खोलीत येऊन बसले. "आवडलं का गं?" मापेसाहेब कुजबुजले.

"'बाहेर जा' म्हणाल्या ना?"

"हो, पण त्यात आवडल्यासारखं काही होतं का?"

"आवाजावरून तडा गेल्यासारखं वाटलं," वहिनी म्हणाल्या. "पण कुठे गेला ते दिसलं नाही."

दाराला कान लावला तर आतून एकच आवाज येत होता. टेबलाचा कप्पा उघडायचा, बंद व्हायचा. मग दुसरा उघडायचा, बंद व्हायचा. मधेच पडदा ओढल्याचा. मग परत कप्पे. हे बराच वेळ चाललं. रडल्याचा आवाज नाही, हसल्याचा नाही, नुसते कप्पे.

जेवायला आत्याबाई बाहेर आल्या. नेहमीसारख्या ताठ बसल्या, नेहमीसारखं मीठ कमी आहे म्हणाल्या. मग जेवता जेवता, ताटाकडेच बघत, कुणी विचारलेलं नसताना बोलायला लागल्या. "वसतिगृहात माझ्या खोलीच्या दाराला वरच्या बाजूला काच होती. मुलींना केव्हाही काही लागलं तर मी जागी आहे की नाही ते दिसावं म्हणून. पडदा लावला तर मुलींना वाटायचं, बाई रागावल्यात. म्हणून कधी लावला नाही." त्यांनी घास घेतला. "आरसाही नव्हता. म्हणजे न्हाणीघरात होता, सगळ्यांचा."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मापेसाहेबांनी भात कालवता कालवता विचारलं, "मग... खोली ठीक आहे ना, आत्या?"

आत्याबाईंनी विचार केला.

"त्या उशीला झालर कमी आहे," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

मापेसाहेबांना हे कुठल्या मापात मोजावं तेच कळेना. तक्रार म्हणावी तर ती जास्तीची मागणी होती. कौतुक म्हणावं तर त्यात 'कमी' हा शब्द होता.

सकाळ झाली. मापेसाहेब बाहेरच्या खोलीत, बिनदाराच्या दारात खुर्ची टाकून, रखवालदारासारखे पेंगत होते. कुजबुज ऐकू आली म्हणून डोळे उघडले तर जिन्याच्या चौकात, जिथे काल टेबल होतं तिथे, वरच्या मजल्यावरची मुलगी, डॉक्टर आणि सेक्रेटरी आपापले कंगवे आणि टाय घेऊन उभे होते. काकूही होत्या. दार नसल्यामुळे सगळ्यांना आतल्या खोलीचं बंद दार दिसत होतं, आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर होतं.

"एकच मिनिट आत जाऊ का?" डॉक्टर म्हणाले. "नुसती गाठ बघतो."

"आत्या झोपलीये," मापेसाहेब म्हणाले. आणि म्हटल्यावर स्वतःच दचकले. ऊन चांगलं वर आलं होतं. आत्या झोपलीये? वहिनी हातातलं काम टाकून आल्या. आत्याबाई या घरात जितक्या वेळा राहिल्या तितक्या वेळा अंधारातच उठल्या होत्या आणि सगळ्यांची पांघरुणं ओढून त्यांनी सगळ्यांना उठवलं होतं.

"बरं वाटत नसेल का?" काकू म्हणाल्या.

"दार वाजवा," सेक्रेटरी म्हणाले.

मापेसाहेबांची पाचावर धारण बसली. ते चवड्यांवर चालत दारापाशी गेले. मागोमाग सगळे आत आले. हात दारापर्यंत नेला, आणि वाजवायच्या आधीच आतून आवाज आला, जाड, झोपेतला, पण ठणठणीत.

"कोण कुजबुजतंय तिकडे?"

सगळे जागच्या जागी गोठले. डॉक्टरांनी कंगवा पाठीमागे लपवला.

"कुणी नाही, आत्या," मापेसाहेब म्हणाले.

"मग कुणी नसल्यासारखे वागा. मी झोपलेय."

सगळे पाय न वाजवता परत जिन्याच्या चौकात आले. काकूंनी मुलीचे केस हाताने सारखे करून दिले. वहिनींनी डॉक्टरांच्या टायची गाठ दोन्ही बाजूंनी खेचून घट्ट केली, इतकी की त्यांचे डोळे किंचित बाहेर आले. सेक्रेटरींनी आपली मिशी मापेसाहेबांपुढे केली आणि भुवया उंचावून विचारलं. मापेसाहेबांनी मान तिरकी करून पाहिलं आणि डावं टोक थोडं खाली घ्या अशी खूण केली.

"पण आत्याबाईंना खोली आवडली की नाही?" डॉक्टरांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

मापेसाहेबांनी बंद दाराकडे पाहिलं. पुष्कळ विचार केला.

"काही कळायला मार्ग नाही," ते कुजबुजले. "पण उठायला तयार नाही."